सगळ्या मुली खुशाल आहेत

“हॅलो? … हो, हो, मुलींचं वसतिगृह. … हो, चांदाच. … मी सुपरिंटेंडेंट इंदुताई बोलते. … कुठून? … सिंदेवाहीहून? … जरा मोठ्यानं बोला हो, खरखर फार आहे. … कोण? … कोण डोमा?”

विचारलं खरं, पण डोमा कोण ते इंदुताईंना पुरतं ठाऊक होतं. सिंदेवाहीला जंगलखात्याचा लाकडाचा डेपो आहे, तिथला हा चौकीदार. त्याची पोरगी सोमारी इथं राहून सातवीत शिकत होती. वय चौदा. आज सकाळच्या हजेरीला चौतीस मुलींपैकी तेहतीसच उभ्या राहिल्या, आणि जी नव्हती ती हीच. आता अकरा वाजत आले होते. मागच्या आवारातल्या विहिरीत दोन माणसं दोराला गळ बांधून तळ चाचपत होती. साऱ्या जिल्ह्यात आज ज्याचा फोन यायला नको, नेमका त्याचाच आला होता.

“अगं बाई, डोमाभाऊ! ओळखलं ना. सुमनचे वडील. … हो, हो, सोमारी. आम्ही इथं तिला सुमन म्हणतो, शाळेत बरं दिसतं. … आहे ना! छान आहे. … आत्ता? आत्ता वर्गात आहे. … गणिताचा तास चाललाय. … नाही, नाही, बोलावता नाही येणार. तासातून मुलीला उठवायचं नाही असा नियम आहे. … अहो, कलेक्टर आले तरी नाही उठवत आम्ही.”

इंदुताई वाईट बाई नव्हत्या, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. पुढं सांगायला जागा मिळेलच असं नाही. अकरा वर्षं त्या या पोरींसाठी झिजल्या होत्या. उवा काढल्या, मलेरियात उशाशी बसल्या, खेड्यापाड्यांतून फिरून आईबापांच्या विनवण्या करून मुली आणल्या. पण मागच्या साली नागपूरच्या शिक्षक संमेलनात त्यांनी नऊ पानांचा निबंध वाचला. विषय होता, वाढत्या वयातल्या मुलींच्या मनावरचा ताण आणि त्यावरचे उपाय. टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून बाईंना वाटू लागलं की आपल्याला मुलींचं मन कळतं. उपाय साधा होता. रिकामं डोकं सैतानाचं घर, म्हणून जी मुलगी रडेल तिनं विहिरीवरून दहा घागरी पाणी ओढायचं. अंग दमलं की मन शांत होतं. आणि खरोखरच वसतिगृहात कोणी रडेनासं झालं. आज अकराच्या सुमाराला नागपूरच्या तपासनीस बाई मुद्दाम ही पद्धत पाहायला येणार होत्या.

“जेवते हो, का नाही जेवणार? … काल? काल वरणभात होता. … दोनदा घेतला तिनं. … झोप? झोपेला काय झालं? नऊला दिवे मालवतो, पाचला घंटा. … दुखतबिखत काही नाही. … उलटी? … उलटीचं कोणी सांगितलं तुम्हाला? … बरं, बरं, झाली असेल एखादेवेळी. … अहो, सगळ्याच मुली सातवीत आल्या की थोड्या … हं, हं. … औषध दिलं ना! एरंडेल दिलं.”

एखादेवेळी कसली! महिनाभर रोज. त्रैराशिकाचं गणित फळ्यावर आलं की सोमारीचं पोट ढवळून यायचं आणि ती तोंडाला पदर लावून बाहेर पळायची. उलटी पोटाची असते, गणिताची नसते, असं इंदुताईंचं ठाम मत. दर रविवारी एरंडेल पाजलं, तरी उलटी काही थांबली नाही. पण ‘पोरी, तुला कशाची भीती वाटते?’ एवढं एक वाक्य मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही. ते नऊ पानांतही नव्हतं.

दारात बुधरी येऊन उभी राहिली. ही वसतिगृहातली पाण्या-झाडूपासून सगळं पाहणारी बाई. तिनं नुसतीच मान हलवली. इंदुताईंनी फोनच्या तोंडावर तळहात दाबला.

“काय गं? लागलं काही गळाला? … नाही? मग कोणाला तरी तलावाकडं पिटाळ. … आणि ऐक, विहिरीवरच्या माणसांना मी सांगून ठेवलंय, तपासनीस बाईंची मोटार वाजली की दोर वर घ्यायचा. कोणी विचारलं तर विहीर साफ करतोय म्हणायचं. … जा, अशी बघत काय उभी राहतेस? … हां, बोला डोमाभाऊ. … नाही, स्वयंपाकीण होती. पीठ संपलं म्हणत होती.”

बुधरी हलली नाही. तिनं बाईंचं बोलणं ऐकलं आणि पदर तोंडाशी नेला.

“पत्र? … येतं ना दर आठवड्याला? … तिच्याच हातचं आहे हो, मी का लिहीन? … अक्षर बघा कसं वळणदार झालंय. … थंडी? … कसली थंडी?”

आणि इंदुताईंच्या लक्षात आलं.

दर रविवारी दहा वाजता पत्रांचा तास असे. इंदुताई फळ्यावर पत्र लिहून देत आणि मुली ते कार्डावर उतरवून घेत. पहिल्या वर्षी असं नव्हतं. तेव्हा एका पोरीनं ‘मले घरी ने’ एवढंच लिहिलं, तर तिची आई चार बायका घेऊन आली, आवारात तीन दिवस ठाण मांडून बसली, आणि जाताना आपल्या पोरीबरोबर आणखी तिघींना घेऊन गेली. पट कमी झाला, अनुदान अडलं. तेव्हापासून फळा. ‘मी खुशाल आहे. अभ्यास चांगला चालला आहे. इकडे थंडी छान पडली आहे. माझी काळजी करू नये.’ हा मजकूर पौषातला. तो पुसायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. शिमगा झाला, चांद्याच्या दगडांवर पाय भाजायला लागले, तरी चौतीस मुली घरी कळवत होत्या की इकडे थंडी छान पडली आहे.

“ते … ते जुनं पत्र असेल. टपालात अडकतं कधीकधी. … कालच्या तारखेचा शिक्का आहे? … मग लिहिताना चुकली असेल, लहान आहे. … डेपोचे बाबू वाचून हसले? हसू देत. … काय? शेजारच्या गावच्या मुलीचं पत्रही तसंच? … डोमाभाऊ, तुम्ही आता पत्रांचा पंचनामा करणार का माझ्या?”

माणूस कोंडीत सापडला की पळतो, नाहीतर अंगावर येतो. इंदुताई अंगावर आल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातली गत.

“खरं सांगू? फोन कशासाठी केलात ते मला कळलंय. मोहाची फुलं पडायला लागली, हो ना? … अहो, दर सालचं आहे हे! झाडाखाली टोपली घेऊन बसायला हात कमी पडले की तुम्हा लोकांना पोरी आठवतात. … मला शिकवू नका. … परीक्षा अकरा दिवसांवर आलीय! तुमच्या गावातून सातवी पास झालेली एक तरी मुलगी दाखवा. … नाही ना? ही पास झाली तर मास्तरीण होईल, तुमच्या खानदानाचं भलं होईल. आणि तुम्ही तिला मोह वेचायला … काय? … परत बोला. … हात?”

खरखर एकाएकी थांबली. तिकडचा आवाज आता शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ येत होता.

“हाताला काय झालं? … दोन्ही? … दोराचे वळ … अहो, विहिरीवर थोडंफार काम सगळ्याच मुली … पण तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही कधी पाहिलेत तिचे हात? … समोर? … कोणाच्या समोर? … डोमाभाऊ, कोण बसलंय तिथं?”

इतका वेळ उभ्यानं बोलणाऱ्या इंदुताई खुर्चीत बसल्या.

“आली? … तुमच्याजवळ आली? … खरं सांगा जी, डोमाभाऊ, माह्या गळ्याची आन हाय तुमाले. … जित्ती … नाई, नाई, धडधाकट हाय ना? … हव. … हव. … देवा रे बापा. … पहाटेच्या छोट्या गाडीनं? … एकटी? … अवं माय! … नाई, मी कायले रडू? मी नाई रडत.”

रडत होत्या. डोळ्यांतून धार लागली होती आणि ती पुसायची शुद्धही नव्हती. वसतिगृहात ‘मले-तुले’ म्हणणाऱ्या मुलीला इंदुताई शुद्ध शब्द शंभर वेळा पाटीवर लिहायला लावत. आता त्यांची स्वतःची झाडीपट्टीची बोली गावातल्या एखाद्या आईच्या तोंडून यावी तशी वाहत होती. त्या घडीला त्यांना पोर जगली याचा खराखुरा आनंद झाला होता. त्यात खोट नव्हती. फार टिकला नाही, एवढंच.

“मंग पह्यलेच काऊन नाई सांगितलं तुमी? … मी इतकी बोलून राह्यली अन् तुमी चुपचाप ऐकून राह्यले? पोरीले बाजूले बसवून? … तिच्यासमोर? … तिनं सारं ऐकलं? … काय पाहाचं होतं तुमाले? … हव. … हव, खोटं बोलली मी. … सांगणार होती जी. … संध्याकाळी. … हव, पाहुणी बाई गेल्यावर. … नाई, नाई, तुमची पोरगी म्हणून नाई. कोणाचीही असती तरी मी …”

गेल्या पावसाळ्यात ब्रह्मपुरीच्या एका वकिलाची मुलगी पायरीवरून घसरली, पाय मुरगळला, तर अर्ध्या तासात बापाला तार गेली होती. ती तार इंदुताईंनीच लिहिली होती.

“कुठी? … विहिरीपाशी? … पहाटे? … कायले गेली होती तिथी? पाणी तं रातीच भरलं होतं. … काय म्हणते? … रडली म्हणून दहा, अन् घागर ओढताना रडली म्हणून अजून दहा? … हा नियम माहा नाई, डोमाभाऊ! मोठ्या पोरींनी लावला असन. … मले खरंच मालूम नाई. … मंग? … काठावर? … पाय आत सोडून? … कितीक वेळ? …”

बुधरी दाराची चौकट धरून खाली बसली. बाईंच्या तोंडून जेवढं ऐकलं तेवढं तिला पुरे झालं होतं.

“मंग? … गाडीची शिट्टी ऐकली. … हव, ठेसन जवळच हाय. … अन् उठली. … नाईतर? … नाईतर काय, डोमाभाऊ? … नका बोलू जी तसं.”

पहाटेची छोटी गाडी रोज उशिरानं सुटते. चांद्याची माणसं तिला शिव्या घालतात. आज ती वेळेवर सुटली असती तर गळाला काय लागलं असतं, हा हिशेब इंदुताईंना न मागता कळला.

“ऐका माहं. एक डाव ऐका. … संध्याकाळच्या गाडीनं पाठवा तिले. मी सोता ठेसनावर येईन. … घागरी बंद. … हव, आजपासून बंद, साऱ्या पोरींच्या. … एरंडेलही नाई. … उलटी झाली तं होऊ दे, मी बसीन तिच्याजवळ. … त्रैराशिक नाई आलं तं नाई आलं, बाकीच्यावर पास होईन ते. भाषेत पह्यली हाय तुमची पोरगी! … अकरा दिवस जी, डोमाभाऊ. सात वर्षं शिकली, अकरा दिवसांसाठी पाण्यात घालता काय?”

शेवटचा शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांनी जीभ चावली. पण बाकीचं खरं होतं. सोमारी हुशार होती आणि परीक्षा बुडाली तर तिचं शिकणं संपणार होतं. दोन वर्षांत ती कोणाच्या तरी घरी नांदायला गेली असती. तेवढंच खरं हेही होतं की संध्याकाळच्या हजेरीला पट भरायला चौतिसावी मुलगी हवी होती. या विनवणीत पोरीची कळकळ किती आणि पटाची किती, हे इंदुताईंना कोणी शपथेवर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

“कोण? … हो, एक्सचेंज, आणखी तीन मिनिटं द्या. … नाही, तोडू नका, पैसे माझ्या नावावर घाला. … हॅलो, डोमाभाऊ? … आहात ना? … काय? … तिलेच विचारू? … ते म्हणन तसं? … पक्कं? … हव. द्या. द्या तिच्या हातात फोन.”

बाहेर फाटकाशी मोटार वाजली. माणसांनी दोर वर ओढल्याचा रहाटाचा करकर आवाज आला. इंदुताईंनी खिडकीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, पदरानं तोंड पुसलं.

“हॅलो? … सुमन? … सोमारी, मी इंदुताई. … ऐकू येते काय? … बोल ना बाळ.”

कानात फक्त श्वास येत होता, पळून आलेल्या माणसाचा असतो तसा आखूड. चाळीस-बेचाळीस मैलांवर एक चौदा वर्षांची मुलगी वळ उठलेल्या हातात फोन धरून वाट पाहत होती. बाप म्हणाला होता, ती म्हणेल तसं. म्हणजे सगळं आता इंदुताईंच्या एका वाक्यावर होतं. ‘माझं चुकलं, पोरी’ एवढं पुरलं असतं. ते घशाशी आलंही होतं. पण अकरा वर्षांत ते कोणत्याही मुलीला कधी म्हटलेलं नव्हतं, आणि न वापरलेला शब्द ऐन वेळी सापडत नाही.

“अवं, काई तं बोल. … मी रागावणार नाई. … तुले परीक्षा देवाची हाय ना? … हाय ना? … रडून राह्यली काय? … नको रडू. … हे पाय, नको रडू म्हणते ना मी. … सोमारी, पाहुण्या आल्या, मले टाइम नाई. … हो का नाई, एवढंच सांग. … पह्यले रडणं बंद कर! … मी काय म्हणते? … चूप! … एकदम चूप!”

खट्.

“हॅलो? … सोमारी? … हॅलो? … एक्सचेंज?”

फोन मेला होता. जिवंत तारेत बारीक घरघर असते, तीही नव्हती. आणि दारात, खाली बसलेल्या बुधरीला ओलांडून, तपासनीस बाई उभ्या होत्या. हातात कातडी बॅग, चेहऱ्यावर कौतुकाचं हसू. चालू द्या, चालू द्या, अशी त्यांनी हातानं खूण केली आणि समोरच्या बाकावर बसून त्या ऐकू लागल्या.

इंदुताईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा बुधरीकडं. मग फोन कानाला नीट लावला. आवाज पुन्हा शुद्ध झाला.

“हो, हो, डोमाभाऊ … ऐकतेय ना. … आभार कसले मानता? कर्तव्यच आहे आमचं. … हो, अभ्यास उत्तम चाललाय. … नाही हो, कसली तक्रार? गुणी मुलगी आहे. … आत्ता? आत्ता वर्गात आहे. …”

बुधरी उठली आणि बाईंकडं पाठ करून निघून गेली. इंदुताई थोडं थांबल्या. पलीकडचा माणूस बोलत असेल तर जेवढं थांबावं लागेल तेवढं. त्याहून किंचित जास्तच.

“… हो. … मध्यंतरी रडत होती थोडी. … होतं हो तसं या वयात. … नाही, आता नाही रडत. … बरं. … बरं, ठेवते मी.”